अकरा हजार फॉलोअर आणि एकतीस गड्डे



गेल्या आठवड्यात संगमनेरकडच्या एका तरुण शेतकऱ्याचा फोन आला. पोरगा ढोबळी मिरची चांगली पिकवतो, व्हिडिओही छान करतो. म्हणाला, "दादा, पंचवीस हजार फॉलोअर झालेत. पण माल विकायची पोस्ट टाकली की कुणाला दिसतच नाही. नुसते शेतकरीच लाईक करतात. काय करावं?"

फोनवर अर्धा तास बोललो, पण नीट सांगता आलं नाही. म्हणून इथे लिहितोय. लांबेल जरा, पण चुकांसकट सगळा हिशेब मांडतो.

फेब्रुवारी २०२२ मधली गोष्ट. तेव्हा या पानाला अकरा हजार फॉलोअर झाले होते आणि मला त्याचा जरा गर्वच होता. शेतात अर्धा एकर फ्लॉवर काढणीला आलेला, आणि आमच्याकडे भाव असा पडलेला की गाडीभाडं निघेना. म्हटलं, अकरा हजार माणसं आपल्याला ओळखतात, थेट विकू. बुधवारी पोस्ट टाकली: रविवारी सकाळी मुलुंडला थेट शेतातला फ्लॉवर, गड्डा वीस रुपये. वेळ दिली, जागा दिली, मळ्यातला फोटो दिला.

रविवारी पहाटे तीनला ओतूरहून पिकअप काढली. चारशे गड्डे पानांसकट भरलेले. माळशेज उतरून मुरबाड, कल्याण करत सातला मुलुंडला. अकरा वाजेपर्यंत किती गेले? एकतीस. त्यातही मी प्रत्येकाला विचारत होतो, पोस्ट बघून आलात का. दोघंच हो म्हणाले. बाकीचे भाजी आणायला निघालेले, वाटेत गाडी दिसली म्हणून थांबलेले. एका भाजीवाल्याने उरलेला माल पाच रुपयाने उचलला.

घरी येऊन पोस्ट पाहिली. ६४० लाईक. "खूप छान दादा", "अभिमान आहे", "आमच्याकडे पण या". लातूर, जळगाव, यवतमाळ, पंढरपूर. मुलुंडचं त्यात कुणी दिसलं नाही.

फॉलोअर खोटे नव्हते. मी लिहायचो लागवडीबद्दल, ड्रिपबद्दल, करप्याबद्दल. ते वाचायला शेतकरीच येणार. ते माझे सोबती, पण माझा फ्लॉवर ते कशाला घेतील? त्यांच्याही रानात फ्लॉवरच होता. आणि मुलुंडमधले जे थोडे लोक पानावर असतील, त्यांच्यापर्यंत पोस्ट पोचवायची की नाही हे ठरवणारा मी नव्हतो. ते यंत्र ठरवतं. आज एक ठरवतं, सहा महिन्यांनी दुसरं.

त्या दिवशी दुपारी मुलुंडलाच बहिणीकडे जेवायला थांबलो होतो. भाची तिथेच होती. ती एका कंपनीत ग्राहकांना ई-मेलने पत्रं पाठवायचंच काम करते. माझं तोंड बघून म्हणाली,

"मामा, लॉकडाउनमध्ये तुमच्याकडून आठवड्याला ऐंशी घरं भाजी घ्यायची ना? ती कुठे गेली?"

"त्या सोसायटीच्या ग्रुपमध्ये होती."

"मग आज त्यांना कळवलंत का?"

कसं कळवणार? एप्रिल-मे २०२० मध्ये सगळं बंद होतं, वाशीचा बाजारसुद्धा मे महिन्यात काही दिवस बंद राहिला. तेव्हा शेतकरी गटांनी थेट सोसायट्यांच्या दारात भाजी पोचवली. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी केलंय ते काम. आम्हीही केलं. ऑर्डर सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यायची. पुढे दुकानं उघडली, कमिटी बदलली, नव्या सेक्रेटरींनी बाहेरच्या माणसांना ग्रुपमधून काढलं. त्यांचंही बरोबर होतं, ग्रुप त्यांचा होता. पण माझ्या हातात काय उरलं? ऐंशी घरांपैकी एकाचाही नंबर मी लिहून ठेवला नव्हता. दीड वर्ष ज्यांच्या ताटात माझी भाजी होती, त्यांची नावंही मला माहीत नव्हती. बी-दोनशे चार, सी-सातशे एक, एवढंच.

भाची म्हणाली, "मामा, तुमच्याकडे यादीच नाहीये. पत्ता घ्या लोकांचा. ई-मेल घ्या आणि दर आठवड्याला पत्र लिहा."

मी हसलो. ई-मेल कोण वाचतं? माझ्या ई-मेलमध्ये बँक आणि विमा, दुसरं कोण येतं? ती म्हणाली, "शेतकरी नसतील वाचत. इथले लोक दिवसभर त्यातच असतात. लोकलमध्ये उभ्याने वाचतात. आणि तुम्ही विमा विकत नाही, तुम्ही जेवायला देता."

मग तिने समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगतो.

यूट्यूबवाले, लेख लिहिणारे, स्वयंपाक शिकवणारे, लाखोंनी प्रेक्षक असलेले लोकसुद्धा आपल्या लोकांचे ई-मेल का गोळा करत बसतात? कारण त्यांनी पाहिलंय की परक्याच्या जागेत बांधलेलं घर कधीही जाऊ शकतं. २९ जून २०२० आठवा. सरकारने एकोणसाठ ॲपवर बंदी घातली, त्यात टिकटॉक होतं. आपल्या महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यातली किती पोरं-पोरी त्यावर नाव कमावून होती. बंदीमागचं कारण देशाचं होतं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण ज्यांचे लाखो फॉलोअर होते त्यांना "आम्ही आता इकडे आलोय, इकडे या" एवढं सांगायलाही सोय राहिली नाही. दुसरं आठवा, ४ ऑक्टोबर २०२१. सोमवारी रात्री नऊच्या सुमारास फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप एकदम बंद पडले, पाच-सहा तास. सकाळच्या मालाची ऑर्डर ज्यांची त्यावर होती त्यांना विचारा ती रात्र कशी गेली.

ई-मेलचं तसं नाही. ती कुणा एका कंपनीची नाही. १९७१ साली रे टॉमलिन्सन नावाच्या अमेरिकन माणसाने एका संगणकावरून दुसऱ्यावर पत्र पाठवलं, पत्त्यातलं ते वेटोळं चिन्ह त्याचंच. तेव्हापासून नियम सगळ्यांसाठी खुले आहेत. माझं खातं एका कंपनीचं, तुमचं दुसऱ्या, तरी पत्र पोचतं. पत्र पाठवायची सेवा आवडली नाही तर यादी उचलायची आणि दुसरीकडे जायचं. यादी आपल्या वहीत असते.

खरं सांगायचं तर मला हे सगळं ऐकून नवीन काही वाटलं नाही. आपल्याकडे याला शब्दच आहे: वर्गणीदार. शेतकऱ्यांचं म्हणणं छापायला कुणी जागा देत नव्हतं तेव्हा कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात 'दीनबंधू' काढलं, आणि पुढे नारायण मेघाजी लोखंड्यांनी ते मुंबईतून चालवलं. आमच्याच जिल्ह्यात, चाकणला, शरद जोशींनी कांद्याचं आंदोलन उभं केलं तेव्हा १९७९ साली 'वारकरी' नावाचं साप्ताहिक सुरू केलं. मोठी वर्तमानपत्रं होती की तेव्हाही. पण त्यात आपली बातमी कधी येईल, कशी येईल, हे आपल्या हातात नसतं. गावोगावच्या वर्गणीदाराचा पत्ता आपल्याकडे असला की पोस्टमन अंक नेऊन देतो. मधे कुणाला विचारावं लागत नाही.

आणि मुंबईच्या उपनगरांत तर याचं जुनं उदाहरण आहे. मुंबई ग्राहक पंचायत. १९७५ पासून चालू आहे, कार्यालय विलेपार्ल्याला. शेजारपाजारची काही घरं मिळून एक संघ करतात, महिन्याचं काय-काय लागणार ते आधी लिहून देतात, संस्था एकत्र खरेदी करते आणि माल संघापर्यंत येतो. दुकान नाही, काचेचं कपाट नाही. हजारो कुटुंबं इतकी वर्षं त्यात टिकली, कारण कोण घेणार आणि किती घेणार हे माल आणायच्या आधीच माहीत असतं. आपण शेतकरी मात्र आधी पिकवतो, मग तोडतो, मग गाडी भरतो आणि मग गिऱ्हाईक शोधत फिरतो.

तर मार्च २०२२ मध्ये मी शंभर पानी वही घेतली. पुढच्या रविवारी फक्त साठ गड्डे आणि दोन क्रेट काकडी नेली, गाडीला पुठ्ठा लावला: "दर आठवड्याला शेतातून पत्र येईल. नाव आणि ई-मेल लिहा. नको वाटलं तर कळवा, बंद करू." तेवीस जणांनी लिहिलं. घरी येऊन टाइप केले तर चार परत आले. टिंब कुठे, खालची रेघ कुठे, एक का सात, काही कळेना. तेव्हापासून लिहून घेतलं की त्यांच्यासमोरच मोठ्याने वाचून दाखवतो.

दुसरी चूक मोठी होती. पहिलं पत्र मी सगळ्यांचे पत्ते एकाच ओळीत टाकून पाठवलं. म्हणजे प्रत्येकाला बाकी सगळ्यांचे पत्ते दिसले. एका बाईंनी चांगलंच झापलं: "दादा, मी माझा पत्ता तुम्हाला दिला होता, सगळ्या मुलुंडला नाही." मान खाली घालून माफी मागितली. भाचीने मग पत्रं पाठवायची नीट सेवा लावून दिली, ज्यात प्रत्येकाला वेगळं पत्र जातं आणि खाली "पत्र नको" असं बटण असतं. मंडळी, ही गोष्ट हलक्यात घेऊ नका. २०२३ मध्ये देशात वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झालाय. पण कायदा सोडा. माणसाने विश्वासाने पत्ता दिला तर तो पेरणीच्या बियाण्यासारखा जपायचा. मी आजवर एकाही खतवाल्याला, आंबेवाल्याला ती यादी दिलेली नाही. मागणारे पुष्कळ आले.

पत्रात काय लिहितो? गुरुवारी रात्री बसतो, मोबाइलवर बोलूनच टाइप करतो, तीन-चारशे शब्द. शेतात काय चाललंय. पाऊस किती झाला. कशावर काय फवारलं आणि का. या आठवड्यात काय आणि किती मिळेल, भाव काय. शेवटी एक प्रश्न. एकच फोटो, तोही साधा. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत उत्तरं येतात, शनिवारी तेवढंच तोडतो, रविवारी गाडी. तोडलेला माल परत आणायची वेळ आता क्वचित येते. कृषी सहायक साहेब एकदा म्हणाले, तुमचं काढणीनंतरचं नुकसान कसं काय कमी झालं? म्हटलं साहेब, तंत्रज्ञान बदललं नाही, पत्र आधी गेलं.

फवारणीचं लिहायला सुरुवातीला हात थरथरला. ऑगस्ट २०२२ मध्ये टोमॅटोवर फळ पोखरणारी अळी वाढली. कामगंध सापळ्यात पतंग रोज वाढत होते, निंबोळी अर्काने आवरेना. रासायनिक फवारणी घ्यावी लागली. लेबलवर काढणीआधी पाच दिवस थांबा असं होतं, आणि रविवार तिसऱ्या दिवशी येत होता. गप्प बसून तोडलं असतं तर कुणाला कळलं नसतं. पण सहा महिने मी त्यांना लिहीत होतो की आम्ही लपवत नाही. म्हणून सरळ लिहिलं: औषध मारलंय, अमुक कारणाने मारलंय, या रविवारी टोमॅटो मिळणार नाही, पुढच्या रविवारी मिळेल. त्या आठवड्यात अकरा जणांनी पत्र बंद केलं. "आम्हाला वाटलं तुम्ही काहीच मारत नाही," एकाने लिहिलं. वाईट वाटलं. पण पुढच्या रविवारी टोमॅटो नेहमीपेक्षा जास्त गेला. एक आजोबा, रिटायर्ड केमिस्ट, गाडीपाशी येऊन म्हणाले, "इतकी वर्षं भाजी खातोय, कधी तोडू नये हे मला पहिल्यांदा कुणी सांगितलं."

हीच गोष्ट पानावर लिहिली असती तर? विषमुक्तवाले आणि रासायनिकवाले कमेंटमध्ये दोन दिवस भांडले असते, मी मधे. पत्राला उत्तर एकट्याला एकट्याचं येतं. त्यात माणूस दाखवायला बोलत नाही, विचारायला बोलतो.

उत्तरांतून मी शेतीच बदलली. घाटकोपरच्या काही जैन कुटुंबांनी लिहिलं, चातुर्मासात आम्ही पालेभाजी खात नाही, तेव्हा मेथी-पालकाऐवजी दुसरं द्या. इतकी वर्षं मी पावसाळ्यात पालेभाजीची माती धुत होतो आणि घाटकोपरला ती का खपत नाही म्हणून कपाळाला हात लावत होतो. आता त्या महिन्यांसाठी दुधी, दोडका, घोसाळी मांडवावर घेतो. मुलुंडच्या एका ताईंची बहीण बोरिवलीला, तिने तिच्या बिल्डिंगमधले चौदा पत्ते गोळा करून दिले. आता महिन्यातून दोनदा गाडी ठाण्याहून घोडबंदर रोडने बोरिवलीला जाते. मुलुंड आणि बोरिवली नकाशावर शेजारी दिसतात, मधे अख्खं नॅशनल पार्क आहे हे मला डिझेल जळल्यावर कळलं.

आता खरी कसोटीची गोष्ट सांगतो.

२०२३ चा टोमॅटो तुम्हाला आठवत असेल. मे महिन्यात भाव इतका पडला की आमच्या भागात लोकांनी प्लॉट सोडून दिले. वरून ऊन आणि व्हायरस. जुलैमध्ये माल कुठेच नव्हता, आणि नारायणगावच्या बाजारात वीस किलोचं क्रेट दोन हजारांच्या वर गेलं. माझा प्लॉट एप्रिलअखेरच्या लागवडीचा, नेमका तेव्हाच तोडायला आलेला. आणि जूनमध्येच मी पत्रात लिहून बसलो होतो: या हंगामात टोमॅटो चाळीस रुपये किलो, भाव बदलणार नाही.

यादीवर तेव्हा १८० कुटुंबं. आठवड्याला सात क्रेट त्यांना जायची. बाजारात तीच सात क्रेट चौदा हजारांची, यादीवर छप्पन्नशेची. आठवड्याला आठ हजार चारशे रुपये मी माझ्या हाताने सोडत होतो. बाकीचा माल बाजारात जात होता, त्याचे पैसे झाले, नाही म्हणत नाही. पण आमच्यासारख्याला आठवड्याचे आठ हजार म्हणजे मजुरीचा खर्च.

घरात वाद झाला. बायको म्हणाली, "मे महिन्यात आपण टोमॅटो बांधावर ओतला, तेव्हा तुमचे मुलुंडवाले आले होते का?" मी म्हटलं, आले होते, त्यांच्यापुरते. ती म्हणाली, "त्यांच्यापुरते. मग आता आपण आपल्यापुरतं का बघायचं नाही?" तिचं चूक नव्हतं. कर्जाचा हप्ता तिलाही पाठ होता.

गुरुवारी रात्री बसलो. दोन पत्रं लिहून खोडली. तिसऱ्यात सगळं जसंच्या तसं लिहिलं. बाजाराचा भाव, आपला ठरलेला भाव, मे महिन्यात ओतलेला माल, औषध-मजुरी-बांबू-तार यांचा एकरी खर्च, बायकोचा प्रश्नसुद्धा. आणि शेवटी विचारलं: मी शब्द दिलाय, तुम्ही म्हणाल तर चाळीसनेच देईन. पण तुमच्या जागी तुम्ही, माझ्या जागी मी, असं धरून सांगा, योग्य काय?

शुक्रवारी रात्रीपर्यंत सत्तेचाळीस उत्तरं आली. बरेच जण म्हणाले, बाजारभाव घ्या. काही म्हणाले, ठरलं ते ठरलं, आम्हीही पगारावर जगतो, इथे टोमॅटो घेणंच बंद केलंय. तेही खरंच होतं. तिघांनी लिहिलं, हा प्रश्न आम्हाला विचारायलाच नको होता, अवघडल्यासारखं झालं. आणि बोरिवलीच्या एका ताईंनी चार ओळी लिहिल्या: भाव एकच का ठेवता? वर कितीही गेला तरी साठच्या वर नाही, खाली कितीही आला तरी पंचवीसच्या खाली नाही, असं दोन्ही बाजूंनी बांधून घेऊ या. जुलैमध्ये आम्ही वाचू, पडत्या भावात तुम्ही वाचाल.

हेच करायला मोठमोठ्या समित्या बसतात. ते त्या बाईंनी भात लावून झाल्यावर, कुकरची शिट्टी व्हायच्या आत लिहिलं असावं. पुढच्या गुरुवारी मी ते सगळ्यांसमोर ठेवलं, आणि आमचं ठरलं. साठ आणि पंचवीस.

जुलैच्या मध्यापासून चार आठवडे साठने दिला. बाजाराशी तुलना केली तर वीसएक हजार कमी मिळाले. सप्टेंबरमध्ये भाव कोसळला, तुम्हाला ठाऊकच आहे. किलोला चार-पाच रुपये, लोकांनी रस्त्यावर माल ओतला. तेव्हा माझा दुसरा प्लॉट चालू होता. मला धाकधूक होती, आता दारावर दहा-पंधरा रुपयाने टोमॅटो मिळत असताना ही माणसं पंचवीस का देतील? काही थांबली. पण सात क्रेटच्या जागी सहा तरी जातच होती, सहा आठवडे. त्यातून चौदा-पंधरा हजार परत आले. म्हणजे हिशेब पूर्ण फिटला नाही, पाचएक हजारांचा खड्डा राहिला. बायको अजून ऐकवते. पण ऑक्टोबरात पुढच्या लागवडीची रोपं सांगायला ती स्वतःच नर्सरीत गेली आणि म्हणाली, "यादीचे दोन हजार धरून सांगते."

मंडळी, अकरा हजारांना हा प्रश्न मला विचारताच आला नसता. कोण उत्तर देतंय, तो घेणारा आहे की नुसता बघणारा, हेच कळलं नसतं. १८० घरांना विचारता आला, कारण ते कोण आहेत हे मला ठाऊक होतं आणि मी कोण आहे हे त्यांना दीड वर्षाच्या पत्रांतून ठाऊक झालं होतं.

आता याचे तोटेही सांगतो, नाहीतर पुन्हा "खूप छान दादा" म्हणाल.

पत्र नवीन माणूस आणत नाही. नवीन माणूस गाडीवर येतो, या पानावरून येतो, कुणाच्या तरी सांगण्यावरून येतो. म्हणून पान बंद केलेलं नाही, करणारही नाही. तुमच्याशी गप्पा मारायला हीच जागा बरी आहे. पत्र आलेल्या माणसाला टिकवतं, एवढंच.

पत्रं कधीकधी जाहिरातींच्या कप्प्यात जाऊन पडतात. म्हणून पहिल्याच पत्रात सांगतो, एकदा उत्तर द्या, म्हणजे पुढची पत्रं समोर दिसण्याची शक्यता वाढते. किती जणांनी पत्र उघडलं हा आकडा सेवा दाखवते, पण तो पुरता खरा नसतो, काही फोन आपोआप उघडल्यासारखं दाखवतात. मी उत्तरं आणि ऑर्डर मोजतो. आज यादीवर २६० कुटुंबं आहेत, आठवड्याला सत्तर-ऐंशी ऑर्डर देतात. तीन वर्षांत एवढीच वाढ. ज्यांना झटपट हवंय त्यांनी याच्या नादी लागू नये.

आणि दर गुरुवारी लिहावं लागतं. गारपीट झाली तरी, घरात दुखणं असलं तरी. गेल्या पावसाळ्यात माळशेजला दरड पडण्याच्या भीतीने वाहतूक थांबवली, तेव्हा शनिवारी रात्री दोन ओळी पाठवल्या: उद्या गाडी येणार नाही, पैसे पुढच्या वेळी वळते करू. रविवारी मुलुंडला पिशवी घेऊन एकही माणूस ताटकळला नाही. मला ते फार मोठं वाटलं.

तर संगमनेरच्या मित्रा, तुला उत्तर एवढंच. पंचवीस हजार आकडा विसर. या रविवारी मिरची घेऊन जाशील तिथे एक वही घेऊन जा. नाव, इमारत, ई-मेल. लिहून झालं की त्यांच्यासमोर वाचून दाखव. सगळ्यांचे पत्ते एका ओळीत टाकू नको. फवारलेलं लपवू नको. पहिल्या दिवशी दहा जण मिळाले तरी चालतील, मला एकोणीसच मिळाले होते, कारण चार तर चुकीचे निघाले.

आणि ज्यांच्याकडे लॉकडाउनमधली गिऱ्हाइकं होती, त्यांनी जुने हिशेबाचे कागद एकदा चाळून बघा. कुणाचं नाव, कुणाचा नंबर सापडला तर आजच वेगळ्या वहीत उतरवून घ्या.

चला, उद्या गुरुवार. पत्र लिहायचंय. या वेळचा प्रश्न ठरलाय: हिवाळ्यात फ्लॉवर लावू का?